लहान मुलाचं पोट दुखतंय: साधं दुखणं कोणतं आणि तातडीनं दवाखाना कधी गाठायचा?

'आई, पोट दुखतंय.' लहान मूल असलेल्या प्रत्येक घरात ही तक्रार महिन्यातून एकदा तरी ऐकू येते. बहुतेक वेळा कारण साधं असतं. दोन दिवस शी झालेली नसते, जेवण जास्त झालेलं असतं, बाहेरचं काही खाल्लेलं असतं किंवा व्हायरल ताप असतो. एका रात्रीत मूल पुन्हा खेळायला लागतं.

पण काही मोजक्या मुलांच्या पोटात त्याच वेळी वेगळंच काही चाललेलं असतं. प्लीहा फाटून आत रक्त साठत असतं, आतड्याला पीळ पडलेला असतो किंवा अपेंडिक्स फुटायच्या बेतात असतं. अशा वेळी सहा तासांत दवाखान्यात पोहोचलेलं मूल आणि चोवीस तासांनी पोहोचलेलं मूल यांच्या उपचारात जमीन-अस्मानाचा फरक पडतो. आधी पोहोचलेल्या मुलाचं काम कधीकधी विनाऑपरेशन होतं. उशिरा पोहोचलेल्या मुलाचं आतडं कापावं लागू शकतं, जिवावरही बेतू शकतं.

परभणीसारख्या जिल्ह्यात हे तास कुठे जातात, हे समजून घ्यायला हवं. परभणी, जिंतूर, सेलू, मानवत, पाथरी, सोनपेठ, गंगाखेड, पालम आणि पूर्णा असे जिल्ह्याचे ९ तालुके आहेत. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या १८ लाख ३६ हजार आहे आणि त्यातले बहुतेक लोक खेड्यात राहतात. आखाड्यावर पडलेलं मूल आधी घरी येतं, मग गावातल्या डॉक्टरकडे जातं, तिथून तालुक्याला, तिथून परभणीला आणि गरज पडली तर नांदेड किंवा छत्रपती संभाजीनगरला. प्रत्येक थांब्यावर एक-दोन तास गेले, तरी रात्र संपते. म्हणूनच घरातल्या माणसांना धोक्याची लक्षणं आणि पुढची वाट आधीच माहीत असायला हवी.

मुलांचं पोट मोठ्यांपेक्षा वेगळं का?

मूल म्हणजे मोठ्या माणसाची छोटी प्रतिकृती नाही. त्याच्या पोटाची रचनाच वेगळी असते.

मोठ्यांच्या बरगड्या टणक असतात. यकृत आणि प्लीहा हे दोन नाजूक अवयव बऱ्यापैकी त्यांच्या आड राहतात. मुलांच्या बरगड्या लवचिक असतात. मार लागल्यावर त्या मोडत नाहीत, वाकतात आणि धक्का थेट आतल्या अवयवांपर्यंत जातो. शिवाय मुलांचं यकृत आणि प्लीहा शरीराच्या मानानं मोठे असतात आणि बरगड्यांच्या खाली डोकावतात. पोटाचे स्नायू पातळ असतात, चरबीही कमी असते. त्यामुळे बाहेर साधं खरचटलेलं दिसत नाही आणि आत जखम असते, असं मुलांमध्ये घडू शकतं.

दुसरा मुद्दा रक्ताचा. मुलाच्या शरीरात दर किलो वजनामागे साधारण ८० मिलिलिटर रक्त असतं. म्हणजे १५ किलोच्या मुलात सुमारे सव्वा लिटर. त्यातलं ३०० मिलिलिटर, म्हणजे मोठा ग्लासभर रक्त पोटात साठलं, तरी एकूण रक्ताचा चौथा हिस्सा गेलेला असतो.

तिसरा मुद्दा सगळ्यात फसवा आहे. मोठ्या माणसाचं रक्त गेलं की रक्तदाब लवकर खाली येतो. मुलांचं शरीर मात्र हृदयाचे ठोके वाढवून आणि हातापायांच्या रक्तवाहिन्या आवळून रक्तदाब बराच वेळ टिकवून धरतं. मूल बोलत असतं, पाणी मागत असतं, बीपी 'नॉर्मल' दाखवत असतं. मग ते अचानक कोसळतं. त्यामुळे 'बीपी चांगलं आहे' एवढ्यावर निर्धास्त होता येत नाही.

मार नेमका कसा लागतो?

गावाकडच्या मुलांच्या पोटाला मार लागण्याचे प्रसंग रोजच्या जगण्यातलेच असतात. ट्रॅक्टरच्या मडगार्डवर किंवा ट्रॉलीच्या फाळक्यावर बसलेलं मूल खाली पडतं. बैलगाडीचं चाक अंगावरून जातं. बैल किंवा म्हैस शिंग मारते, लाथ मारते. चिंचेच्या किंवा आंब्याच्या झाडावरून, माळवदावरून, कडब्याच्या गंजीवरून मूल पडतं. मोटारसायकलच्या टाकीवर पुढे बसवलेलं मूल ब्रेक लागताच हँडलवर आपटतं.

यात एका जखमेकडे हमखास दुर्लक्ष होतं, ती म्हणजे सायकलच्या हँडलचा मार. मूल सायकलवरून पडतं, हँडलचं टोक पोटात घुसतं, मूल रडतं, उठतं आणि घरी येतं. पोटावर रुपयाच्या नाण्याएवढा गोल वण दिसतो किंवा तोही दिसत नाही. पण हँडलचं टोक लहान असल्यानं सगळा जोर एका जागी पडतो. तिथे असलेलं स्वादुपिंड किंवा लहान आतड्याचा सुरुवातीचा भाग मागच्या मणक्यावर दाबला जातो. याची लक्षणं कधीकधी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दिसतात. मूल खाल्लेलं ओकून टाकतं, पाठीकडे जाणारी कळ येते, ताप चढतो. तोवर घरचे सायकलवरून पडल्याचं विसरून गेलेले असतात. म्हणून डॉक्टरांना मागच्या चार दिवसांत मूल कुठे पडलं होतं का, हे आवर्जून सांगायला हवं.

आणखी एक शक्यता उघड बोलली जात नाही. चालायलाही न लागलेल्या किंवा दोन-तीन वर्षांच्या मुलाच्या पोटात गंभीर जखम आहे आणि ती कशी झाली हे कुणालाच नीट सांगता येत नाही, अशा वेळी मारहाणीचा विचार डॉक्टरांना करावाच लागतो. शाळेत मुलांना मारहाण करायला शिक्षण हक्क कायद्यानं बंदी आहे. मुलावर अत्याचार होत असल्याचा संशय असेल, तर १०९८ या चाइल्ड हेल्पलाइनवर कुणीही फोन करू शकतं.

पोटाला मार लागल्यावर काय पाहायचं?

खालीलपैकी एकही लक्षण दिसलं, तर थांबू नये:

- पोटदुखी कमी न होता वाढत जाणं. खोकताना, चालताना किंवा गाडीच्या धक्क्यानं कळ येणं
- पोट फुगणं, हाताला कडक लागणं, हात लावू न देणं
- हिरवी किंवा रक्ताची उलटी. लघवीत किंवा शीमध्ये रक्त
- चेहरा पांढराफटक पडणं, घाम सुटणं, हातपाय गार पडणं
- मूल सुस्त होणं, नेहमीसारखं न बोलणं
- खांद्याला मार लागलेला नसताना खांदा दुखणं
- पोटावर हँडलचा, चाकाचा किंवा दोरीचा वण

खांदा दुखण्याचं लक्षण विचित्र वाटेल, पण त्याला कारण आहे. पोटात साठलेलं रक्त छाती आणि पोटामधल्या पडद्याला लागतं. त्या पडद्याची आणि खांद्याची संवेदना मानेतून निघणाऱ्या एकाच भागातल्या नसा वाहून नेतात. त्यामुळे मेंदूला दुखणं खांद्यात असल्यासारखं वाटतं. प्लीहेची जखम असेल, तर बहुधा डावा खांदा दुखतो.

घरी करता येण्यासारखी एक साधी तपासणीही आहे. मुलाच्या बोटाचं नख पाच सेकंद दाबून सोडा. पांढरं पडलेलं नख दोन सेकंदांत पुन्हा गुलाबी व्हायला हवं. थंडी नसतानाही त्याला तीन सेकंदांपेक्षा जास्त वेळ लागत असेल, तर हातापर्यंत पुरेसं रक्त पोहोचत नाही, असा त्याचा अर्थ असू शकतो. नख लगेच गुलाबी झालं, तरी वरची लक्षणं असतील तर दवाखाना टाळू नये.

प्लीहा फाटली म्हणजे ऑपरेशनच का?

नाही. आणि या बदलात एका भारतीय डॉक्टरचा वाटा आहे.

पूर्वी प्लीहा फाटली की ती काढून टाकायची, हा नियमच होता. पण १९५२ साली किंग आणि शूमॅकर या अमेरिकन डॉक्टरांनी, प्लीहा काढलेल्या बाळांना पुढे जीवघेणा जंतुसंसर्ग होत असल्याचं दाखवून दिलं. प्लीहा हा निरुपयोगी अवयव नाही, तो जंतूंशी लढतो, हे त्यातून पुढे आलं.

त्यानंतर १९६८ साली डॉ. पी. उपाध्याय आणि डॉ. सिम्पसन यांनी टोरंटोच्या मुलांच्या रुग्णालयातल्या रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. मुलांमधली प्लीहेची जखम अनेकदा ऑपरेशनशिवाय भरून येते, असा त्याचा अर्थ होता. डॉ. उपाध्याय यांनी पुढे दिल्लीच्या एम्समध्ये मुलांच्या शस्त्रक्रियेचा विभाग घडवला. आज मूल स्थिर असेल, तर प्लीहेच्या दुखापतीचे ९० टक्क्यांहून जास्त रुग्ण ऑपरेशनशिवाय बरे होतात.

पण 'ऑपरेशन नाही' म्हणजे 'घरी आराम' असा अर्थ नाही. या मुलांना रुग्णालयात झोपवून ठेवतात, वारंवार नाडी, बीपी आणि हिमोग्लोबिन तपासतात, रक्ताची पिशवी तयार ठेवतात. रक्तस्राव थांबला नाही तर लगेच ऑपरेशन करता येईल, अशा ठिकाणीच हा उपचार होतो.

मार लागला नसेल तर? वयानुसार धोका बदलतो

नवजात बाळ: पहिल्या महिन्यात लक्षात ठेवायच्या तीन गोष्टी आहेत. पहिली, हिरवी उलटी. दूध ओकणं वेगळं आणि पालकाच्या रसासारखी हिरवी उलटी वेगळी. हिरवा रंग पित्ताचा असतो आणि आतड्यात पुढे कुठेतरी अडथळा असल्याचं तो सांगतो. जन्मतःच आतड्याची मांडणी नीट झाली नसेल, तर सगळ्या आतड्याला पीळ पडू शकतो आणि काही तासांत आतडं काळं पडू शकतं. त्यामुळे बाळाची हिरवी उलटी ही कोणत्याही वेळी इमर्जन्सीच आहे.

दुसरी गोष्ट पहिल्या शीची. पूर्ण दिवसांच्या बहुतेक बाळांना जन्मानंतर २४ तासांत काळपट-हिरवी, चिकट शी होते. ती झाली नाही आणि पोट फुगलं, तर हर्शस्प्रंग या आजाराची शंका घेतात. यात मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागात चेतापेशीच तयार झालेल्या नसतात. त्यामुळे तो भाग सैल पडत नाही आणि शी पुढे सरकत नाही. साधारण ५ हजार जन्मांमागे एका बाळात हा आजार दिसतो. कोपनहेगनचे डॉक्टर हाराल्ड हर्शस्प्रंग यांनी १८८६ मध्ये त्याचं वर्णन केलं होतं. तिसरी गोष्ट, शीची जागा जन्मतः नीट आहे ना, हे प्रसूतीनंतर लगेच पाहून घेणं.

३ महिने ते ३ वर्षं: या वयातला सगळ्यात महत्त्वाचा आजार म्हणजे इंटससेप्शन, आतड्यात आतडं शिरणं. दुर्बिणीची एक नळी दुसरीत सरकते, तसा आतड्याचा एक भाग पुढच्या भागात शिरतो. साधारण ५ ते ९ महिन्यांच्या बाळांमध्ये याचं प्रमाण जास्त असतं.

याची ओळख रडण्याच्या पद्धतीवरून होते. चांगलं खेळणारं बाळ अचानक किंचाळतं, पाय पोटाशी ओढून घेतं, दोन-तीन मिनिटं रडतं आणि शांत होतं. पंधरा-वीस मिनिटांनी पुन्हा तेच. मधल्या वेळात बाळ बरं दिसतं आणि घरचे निश्चिंत होतात. हळूहळू ते मलूल होतं, उलट्या सुरू होतात आणि शेवटी जॅमसारखी लाल, चिकट शी होते. ही लाल शी उशिराचं लक्षण आहे. ती दिसेपर्यंत वाट पाहणं म्हणजे हातातली वेळ घालवणं. तिला आव समजून औषध देत बसण्याची चूकही याच टप्प्यावर होते.

निदान सोनोग्राफीनं होतं. वेळेत आलेल्या बाळाला शीच्या जागेतून हवा किंवा सलाईन सोडून, त्या दाबानं शिरलेलं आतडं मागे सरकवता येतं. अनुभवी केंद्रांत बहुतेक बाळांचं काम अशा रीतीनं ऑपरेशनशिवाय होतं. उशीर झाला, आतडं सडलं किंवा फुटलं, तर ऑपरेशनशिवाय पर्याय नसतो.

शाळकरी वय: इथे अपेंडिक्स पुढे येतं. दुखणं आधी बेंबीभोवती सुरू होतं, मग उजवीकडे खाली सरकतं. भूक मरते, उलटी होते, बारीक ताप येतो. मूल वाकून चालतं आणि उडी मारायला नकार देतं. पाच वर्षांखालच्या मुलांना दुखण्याची जागा नीट सांगता येत नाही. त्यांच्यात अनेकदा अपेंडिक्स फुटल्यावरच निदान होतं.

आठ-दहा दिवसांहून जास्त ताप असलेल्या मुलाचं पोट अचानक जोरात दुखून फुगलं, तर टायफॉइडमुळे आतड्याला छिद्र पडल्याची शक्यता असते. हे साधारण तापाच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात घडतं.

मुलगा पोट दुखतंय म्हणाला, तर जांघ आणि अंडकोशही पाहायला हवा. अंडकोशाला पीळ पडला, तरी लाजेनं मुलं 'पोट दुखतंय' एवढंच सांगतात आणि तो वाचवायला साधारण सहा तासच असतात. जांघेतली हर्नियाची गाठ अडकून टणक झाली असेल, तर तीही इमर्जन्सी आहे. मुलींमध्ये अंडाशयाला पीळ पडू शकतो.

रात्री अचानक पोट दुखलं आणि मूल जमिनीवर झोपलं होतं?

पावसाळ्यात मराठवाड्यात या प्रश्नाकडे दुर्लक्ष करून चालत नाही. मण्यार हा विषारी साप रात्री फिरतो आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावतो. त्याचा दंश फारसा दुखत नाही, सुजत नाही, कधीकधी खूणही सापडत नाही. मूल मध्यरात्री पोटदुखी आणि उलटीनं उठतं. काही वेळानं पापण्या जड होतात, गिळता येत नाही, बोलणं अडखळतं, श्वास कमी पडतो. पोटदुखीसोबत पापण्या झाकत असतील, तर अपचनाचं औषध देत बसू नये. प्रतिविष असलेलं जवळचं सरकारी रुग्णालय लगेच गाठावं.

महिनोन् महिने चालणारे पोटाचे आजार

सगळेच आजार तासांत वाढत नाहीत. काही आजार मुलाची वाढ हळूहळू खातात.

बद्धकोष्ठता: मुलांच्या वारंवार होणाऱ्या पोटदुखीचं हे फार मोठं कारण आहे. शाळेतलं शौचालय घाण असतं, दाराला कडी नसते, पाणी नसतं, म्हणून मुलं आणि विशेषतः मुली शी दाबून ठेवतात. शी कडक होते, करताना दुखतं आणि मूल आणखी दाबून ठेवतं. पाणी, भाज्या, जेवणानंतर दहा मिनिटं शौचाला बसण्याची सवय आणि डॉक्टरांनी दिलेलं शी मऊ करणारं औषध पुरेसे दिवस घेणं, यानं बहुतेक मुलं बरी होतात.

पोटाचा क्षयरोग: टीबी फक्त फुफ्फुसाचा नसतो. संध्याकाळचा ताप, वजन घटणं, पोट फुगणं, अधूनमधून दुखणं ही त्याची लक्षणं आहेत. सरकारी दवाखान्यांत त्याचं औषध मोफत मिळतं.

क्रोन आणि अल्सरेटिव्ह कोलायटिस: यात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच आतड्याला सूज आणते. चार आठवड्यांहून जास्त जुलाब, शीमधून रक्त, रात्री शीसाठी उठावं लागणं, उंची-वजन न वाढणं, सांधेदुखी, तोंडात वारंवार फोड ही लक्षणं दिसतात. क्रोन आणि आतड्याचा टीबी एकमेकांसारखे दिसतात. त्यामुळे दुर्बिणीनं तपासणी करून आतड्याचा तुकडा तपासल्याशिवाय औषध ठरवणं अवघड जातं.

सिलिअॅक: गव्हातल्या ग्लुटेन या प्रथिनामुळे आतड्याला इजा होते. उत्तर भारतात याचं प्रमाण जास्त आढळतं. परभणीच्या ताटातली ज्वारीची भाकरी ग्लुटेनमुक्त असते. त्यामुळे निदान झालेल्या मुलाचं पथ्य इथल्या घरात तुलनेनं सोपं जातं. मात्र रक्ततपासणीआधी स्वतःहून गहू बंद करू नये, कारण त्यामुळे तपासणीचा निकाल चुकू शकतो.

जंत: पोटात फार जंत झाले, तर त्यांचा गोळा होऊन आतडं अडू शकतं. १ ते १९ वर्षांच्या मुलांना अंगणवाडी आणि शाळेत जंतनाशक मोहिमेत अल्बेंडाझोलची गोळी मोफत मिळते. ती चुकवू नये. पण पोट फुगलेलं असेल आणि उलट्या होत असतील, तर घरच्या घरी जंताचं औषध देऊ नये.

खेळण्यांमधले छोटे लोहचुंबकही धोक्याचे आहेत. दोन चुंबक गिळले, तर आतड्याच्या दोन वेटोळ्यांतून ते एकमेकांना चिकटतात आणि मधली भिंत फाडतात. मूल बरं दिसत असलं, तरी लगेच एक्स-रे काढावा.

रोटाव्हायरसच्या लशीनं आतडं अडकतं का?

सोशल मीडियावर ही शंका फिरत असते आणि तिच्यामागे एक खरी गोष्ट आहे. अमेरिकेत 'रोटाशिल्ड' ही रोटाव्हायरसची जुनी लस इंटससेप्शनच्या धोक्यामुळे १९९९ मध्ये मागे घेतली गेली. आज भारतात ती लस वापरत नाहीत. भारतात सरकारी लसीकरणात रोटाव्हायरसची लस २०१६ पासून टप्प्याटप्प्यानं आली. ती बाळाला ६, १० आणि १४ आठवड्यांना तोंडावाटे देतात. 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये २०२० साली भारतातल्या १० राज्यांतल्या रुग्णालयांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात भारतीय बनावटीच्या रोटाव्हॅक लशीनंतर हा धोका वाढल्याचं आढळलं नाही. रोटाव्हायरसचे जुलाब मात्र बाळाच्या जिवावर उठू शकतात. त्यामुळे लस चुकवण्यात शहाणपण नाही.

घरगुती उपायांतलं काय थांबवायला हवं?

बेंबीभोवती हिंगाचा लेप लावल्यानं नुकसान होत नाही. नुकसान होतं ते त्यावर विसंबून थांबण्यानं. पण काही उपाय थेट घातक आहेत.

- पोट चोळणं, 'बेंबी सरकली' म्हणून पोट दाबून बसवणं: सुजलेलं अपेंडिक्स किंवा अडकलेलं आतडं यानं फुटू शकतं.
- बिब्ब्याचा डाग, तापलेल्या विळ्याचे चटके: यानं पोटातला आजार बरा होत नाही. भाजल्याची जखम आणि जंतुसंसर्ग मात्र वाढतो. मेळघाटात फेब्रुवारी २०२५ मध्ये अवघ्या २२ दिवसांच्या बाळाच्या पोटावर असे चटके दिल्याची घटना उघड झाली होती.
- एरंडेल किंवा जुलाबाचं औषध: कारण माहीत नसताना जोरात दुखणाऱ्या पोटात ते देऊ नये.
- जुलाब थांबवणाऱ्या गोळ्या: मोठ्यांच्या गोळ्या अर्ध्या करून मुलांना देऊ नयेत. त्यानं आतड्याची हालचालच थांबू शकते.

पहिल्या तासात काय करायचं?

मुलाला पाठीवर, गुडघे दुमडून झोपवा आणि पांघरूण घाला. पोट पुन्हा पुन्हा दाबून पाहू नका. ऑपरेशनची शक्यता वाटत असेल, म्हणजे मोठा मार, हिरवी उलटी किंवा कडक पोट असेल, तर तोंडानं काही देऊ नका. पोटात सळई किंवा काठी घुसली असेल, तर ती उपसू नका. ती तशीच ठेवल्यानं रक्तस्राव थोपलेला असू शकतो. आतडं बाहेर आलं असेल, तर ते आत ढकलू नका. स्वच्छ ओल्या कापडानं झाका.

साध्या जुलाबात मात्र याच्या उलट करायचं असतं. तिथे पाणी बंद करणं धोक्याचं आहे. एक लिटर स्वच्छ पाण्यात ओआरएसचं मोठं पाकीट घालून थोडं थोडं पाजत राहायचं, अंगावरचं दूध चालू ठेवायचं आणि डॉक्टरांच्या सल्ल्यानं झिंक द्यायचं.

परभणी जिल्ह्यात जायचं कुठे?

१०८ ही रुग्णवाहिका मोफत आहे. महाराष्ट्रात ही सेवा २०१४ मध्ये सुरू झाली. फोनवर मुलाचं वय, मार कसा लागला आणि कोणती लक्षणं आहेत, हे तीन वाक्यांत सांगा.

जवळचं ग्रामीण रुग्णालय किंवा गंगाखेड, सेलूचं उपजिल्हा रुग्णालय इथे सलाईन, प्राथमिक उपचार आणि पुढे पाठवण्याची व्यवस्था होते. परभणी शहरात जिल्हा रुग्णालय आहे आणि २०२३ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही सुरू झालं आहे. पुढची मोठी केंद्रं म्हणजे नांदेडच्या विष्णुपुरीचं डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि छत्रपती संभाजीनगरची 'घाटी'. गंगाखेड-सोनपेठ भागातून परळीमार्गे अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचाही पर्याय आहे.

मुलाला पुढे पाठवलं जात असेल, तर निघण्याआधी चार प्रश्न विचारा. तिथे आत्ता लहान मुलांचं ऑपरेशन करणारे सर्जन आणि भूलतज्ज्ञ आहेत का? सोनोग्राफी रात्री होते का? रक्त उपलब्ध आहे का? तुम्ही तिथे फोन केला आहे का? या चार उत्तरांमुळे दोन रुग्णालयांमधली एक खेप वाचू शकते. रेफर चिठ्ठी, लसीकरणाचं कार्ड, रेशन कार्ड आणि आधार सोबत घ्या. चिठ्ठीवर मार लागल्याची किंवा दुखणं सुरू झाल्याची वेळ लिहून घ्या.

खर्चाचं काय?

ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी आणि उपचार मोफत आहेत. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आता एका कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र असतो. पैसे भरण्याआधी त्याला गाठा. योजनेचा हेल्पलाइन क्रमांक १५५३८८ आहे. ऊसतोडीला राज्यातल्या दुसऱ्या जिल्ह्यात गेलेल्या कुटुंबांनाही तिथल्या यादीतल्या रुग्णालयात ही योजना लागू होते. त्यामुळे कोपीवर जाताना रेशन कार्डाची प्रत सोबत ठेवणं फायद्याचं ठरतं.

जन्मतः असलेले दोष आणि दीर्घ आजार यांच्यासाठी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे. २०१३ मध्ये पालघरमधून तो देशभर सुरू झाला. त्याची पथकं अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा तपासणीला येतात. मुलाचं पोट सतत दुखत असेल किंवा वजन वाढत नसेल, तर अंगणवाडीताईंना सांगून त्या दिवशी मुलाला हजर ठेवा.

मग घरी थांबायचं कधी?

मूल खेळतंय, हसतंय, थोडं का होईना खातंय, लघवी नीट होतेय, पोट मऊ आहे आणि दुखणं येऊन-जाऊन कमी होतंय, तर काही तास घरी लक्ष ठेवायला हरकत नाही. दुखणं सलग सहा तासांपेक्षा जास्त टिकलं, मुलाला झोपेतून उठवू लागलं, बेंबीपासून दूर एका जागी स्थिर झालं किंवा वर सांगितलेल्या लक्षणांपैकी एखादं दिसलं, तर सकाळ होण्याची वाट पाहू नये. रात्री दोनला दवाखाना गाठला आणि निघाली नुसती बद्धकोष्ठता, तर एक झोप मोडते. उलट झालं, तर मुलाचं आतडं किंवा जीव पणाला लागतो.